व्हेज-टॅनवर स्पिरिट रंगाचे चट्टे, पट्टे, काळे ठिपके : काय वाचवता येईल?

टाका_दोरा

म्हशीचं व्हेज-टॅन (झाडाच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेलं कातडं), जाडी २.८ ते ३ मिमी, आधी कुठलाही रंग नसलेलं. खांद्याच्या बॅगेचे भाग कापून तयार आहेत: फ्लॅप, पुढचं पान, मागचं पान, बाजूची पट्टी आणि सव्वा मीटरचा पट्टा. पुढच्या पानावर कोरीव वेलबुट्टी आहे. शिवण, तेल, फिनिश यांतलं अजून काहीच झालेलं नाही. स्पिरिटमधला तपकिरी रंग पातळ न करता लोकरीच्या बोळ्याने दिलाय. दोन हात, मध्ये वीसेक मिनिटं. आता चोवीस तास उलटून गेलेत.

दोष असे आहेत:

फ्लॅपवर दुमडीच्या रेषेजवळ रुपयाएवढे तीन-चार फिके चट्टे आहेत. दुसऱ्या हातानंतरही त्यांनी रंग पकडला नाही.

मागच्या पानावर बोळा जिथे टेकला आणि जिथे उचलला, तिथे गडद पट्टे आहेत. उन्हात तिरपं धरलं की त्या पट्ट्यांवर तांब्यासारखी हिरवट चमक दिसते.

पट्ट्यावर टाचणीच्या डोक्याएवढे निळसर काळे ठिपके आहेत, तेही फक्त एका टोकाला. ते टोक ओलसर असताना लोखंडी क्लॅम्पमध्ये धरलेलं होतं.

पुढच्या पानावर वेलाच्या काठाशी रंगाचा एक थेंब पडून वाळला आहे.

आणि सगळ्याच भागांवर पांढरं सुती कापड घासलं की तपकिरी होतं.

ग्राहकाला मध्यम तपकिरी रंग हवाय, त्यामुळे सरसकट काळा करून टाकणं हा पर्याय नाही. हाताशी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, ऑक्झॅलिक ॲसिड, नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांपासून काढलेलं, कातड्याला द्यायचं) आणि पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक फिनिश आहे. सुरुवात कशापासून करायची, आणि कुठल्या क्रमाने?

करवीर_चर्म

शिवण आणि फिनिश राहिलंय ही मोठी जमेची बाजू आहे. तेलाची बाटली मात्र आत्ता उघडू नका. तेल एकदा मुरलं की त्यावर ना ऑक्झॅलिकचं पाणी नीट शिरतं, ना पातळ रंग सारखा बसतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. स्पिरिटचा रंग तंतूंत मुरला की तो परत काढून कातडं कोरं होत नाही. वर साचलेला जादा रंग उचलता येतो, गडद भागातला थोडा फिक्या भागाकडे सरकवता येतो, नाहीतर सगळं पान एक छटा गडद करता येतं. आणि यातलं काहीही करताना अख्खं पान एकदम घ्यायचं. नुसत्या डागावर काम केलं की त्या डागाभोवती दुसरा डाग तयार होतो.

फिक्या चट्ट्यांचं कारण आधी शोधा. चट्ट्यावर पाण्याचा एक थेंब आणि शेजारच्या चांगल्या भागावर एक थेंब ठेवा. चांगल्या भागावरचा थेंब पसरून मुरेल. चट्ट्यावरचा मिनिटभर गोल उभा राहिला तर तिथे काहीतरी बसलंय: सोल्युशन (चिकटवायचं रबराचं द्रावण), मेण, तेल किंवा हाताचं क्रीम. दुमडीच्या रेषेजवळ आहे म्हणजे बहुधा सोल्युशनचं बोट लागलं असणार. अंगठ्याने जोरात घासून बघा. रबराच्या बारीक वळ्या निघाल्या तर खात्री झाली. क्रेप सोलचा तुकडा घ्या (चपलांचं सामान मिळतं तिथे मिळेल) आणि कोरड्या चट्ट्यावर एकाच दिशेने घासा. खोडरबरासारखं सोल्युशन उचलून येतं. वळ्या येणं थांबलं की मग आयसोप्रोपिलने पुसा आणि पुन्हा थेंब ठेवून बघा. थेंब मुरायला लागेपर्यंत रंगाचा विचार करू नका.

पिवळं निओप्रीनचं चिकट असेल तर ते क्रेपने पुरतं निघत नाही. कापडाच्या टोकावर दोन-चार थेंब टोल्युइन किंवा रबर-सोल्युशनचा थिनर घेऊन टिपावं लागतं. खिडकी उघडी, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. तरीही पुसटशी खूण राहू शकते. चट्टा तेलाचा असेल तर कॉर्नफ्लॉवरचा जाड थर रात्रभर ठेवून सकाळी ब्रशने झाडा. लागलं तर पुन्हा ठेवा.

आणि थेंब दोन्हीकडे सारखाच मुरला तर? मग चिकट वगैरे काही नाही, कातड्याचीच घडण तशी आहे. पाठीचा भाग घट्ट विणीचा असतो, पोटाचा सैल. सैल भाग रंग जास्त पितो आणि गडद दिसतो. अशा ठिकाणी पातळ रंगाचे जास्त हात देणं एवढंच करता येतं.

आता मागच्या पानाचे पट्टे. ती तांब्यासारखी चमक म्हणजे वर साचलेला, आत न गेलेला रंग. तो रंगच तुमच्या कापडाला लागतोय, म्हणजे हे दोन्ही दोष मुळात एकच आहेत. लोकरीचा बोळा भरपूर रंग धरतो आणि पहिल्या स्पर्शालाच अर्धा सोडून देतो. काठ आणि पट्ट्याच्या कडांसाठी तो ठीक, पानासाठी नाही.

धुऊन मऊ झालेलं, धागे न सुटणारं सुती कापड घ्या. त्याची मुठीएवढी सपाट घडी करा. आयसोप्रोपिलने इतकीच भिजवा की दाबल्यावर थेंब गळणार नाही. पान सपाट ठेवून एका काठापासून लहान गोल फिरवत, मध्ये न थांबता दुसऱ्या काठापर्यंत जा. कापड रंगलं की घडीची दुसरी बाजू, मग नवीन कापड. ए-फोर एवढ्या पानाला दोन-तीन मिनिटं पुरतात. स्पिरिट पानावर ओतू नका, ओतलेल्याच्या कडेला भरतीच्या रेषेसारखी गडद कड उठते आणि ती घालवणं मूळ पट्ट्यांपेक्षा अवघड असतं. ९९ टक्क्यांचं तुमच्याकडे आहे ते बरं झालं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात पाणी असतं, ते हळू वाळतं आणि कोरीव काम फुगवून सपाट करतं.

तासभर वाळू द्या. मग कोरड्या ब्रशने आणि कोरड्या कापडाने चांगलं घासा. बहुतेक पट्टे इथेच निम्म्यावर येतील.

त्यानंतर पातळ रंग. एक भाग रंग, तीन भाग स्पिरिट. मोजायला इंजेक्शनची सिरिंज वापरा. अंदाजाने ओतलं तर दुसऱ्या वेळी तीच छटा पुन्हा मिळत नाही. सगळ्या बॅगेसाठी एकदाच बनवा: ४० मिलि रंग आणि १२० मिलि आयसोप्रोपिल, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत. कापडाची घडी बुडवली की आधी कातरणीवर टेकवायची, मग पानावर. पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा गोल फिरवत. प्रत्येक हातानंतर किमान अर्धा तास. पावसाळ्यात हवा दमट असेल तर याहून बरंच जास्त. हाताच्या पाठीला कातडं गार लागतंय तोवर ते आत ओलं आहे, वरून कोरडं दिसलं तरी.

रंगाचं समाधान झाल्यावर एक दिवस सोडून तेल. चौरस फुटाला चहाचा अर्धा चमचा नीट्सफूट, तेही आधी कापडावर घेऊन. मग चोवीस तास हात लावायचा नाही. बारीकसारीक उरलेला फरक तेलाने पुष्कळ मिटतो, कारण ते सगळीकडे सरकतं आणि फिके भागही थोडे गडद करतं. म्हणून आणखी एका हाताचा निर्णय तेलाआधी घ्या, पण रंग थोडा फिका राहिलाय असं वाटतानाच थांबा.

हिरडा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पट्ट्यावरच्या ठिपक्यांबद्दल सविस्तर लिहितो.

निळसर काळे, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि क्लॅम्पजवळच. हे रंगाचे डाग नाहीत, लोखंडाचे आहेत. झाडाच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेल्या कातड्यात टॅनिन असतं. त्याला ओलावा आणि लोखंड एकत्र मिळालं की काळं संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून पूर्वी शाई बनवत, तीच ही प्रक्रिया. त्यामुळे आयसोप्रोपिलने कितीही घासलंत तरी हे ठिपके हलणार नाहीत, आणि वर रंग दिला तर रंगाखालून काळपट दिसत राहतील.

आधी एकाच ठिपक्यावर खात्री करा. कानात घालायच्या काडीच्या कापसावर ऑक्झॅलिकचं पाणी घेऊन ठिपक्यावर टेकवा. मिनिट-दोन मिनिटांत फिका पडला तर लोखंडच.

प्रमाण: अर्धा लिटर कोमट पाण्यात ५ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यापेक्षा जास्त घालून काम लवकर होत नाही, फक्त धुवायला जास्त राहतं. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, धातूचं अजिबात नको. पाणी फिल्टरचं, शक्यतो आरओचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतं आणि ते ऑक्झॅलिकबरोबर न विरघळणारा पांढरा साका करतं. वाळल्यावर कातड्यावर पांढुरकी पूड दिसते ती हीच, आणि लोक ती बुरशी समजतात.

स्पंजने पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे लावा. ठिपके एका टोकाला असले तरी पूर्ण पट्टा भिजवायचा, कारण ऑक्झॅलिक कातड्याचा मूळ रंगही उजळवतं. अर्धाच भिजवला तर मध्ये रेषा येईल. पाच ते दहा मिनिटं थांबा. ठिपके उरले तर आणखी एकदा लावा. मग स्वच्छ पाण्याच्या स्पंजने तीन वेळा पुसा, दर वेळी पाणी बदलून. आत राहिलेलं ॲसिड तंतू हळूहळू कमकुवत करतं, म्हणून ही पायरी आटोपती घेऊ नका. सपाट ठेवून सावलीत वाळवा. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन नको. ओलं व्हेज-टॅन ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आकसतं आणि आकसलेलं कातडं परत पूर्वीसारखं होत नाही.

आंबटपणा मारायला खायचा सोडा लावा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. अल्कली लागलं की व्हेज-टॅन काळपट तपकिरी पडतं, म्हणजे एक डाग घालवून दुसरा आणला. कपड्यांच्या साबणाचंही तेच. लिंबाचा रस चालतो, पण अगदी ताज्या आणि हलक्या ठिपक्यांपुरताच.

ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, पूड नाकात जाऊ देऊ नका, स्वयंपाकघरातला चमचा वापरलात तर तो परत तिकडे नेऊ नका. उरलेल्या पाण्याच्या बाटलीवर नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

करवीर_चर्म यांच्या क्रमात हे असं बसतं: आधी सगळीकडे स्पिरिटने पुसणं, मग पट्ट्याला ऑक्झॅलिक, पूर्ण वाळवण (निदान एक दिवस), मग पातळ रंग, शेवटी तेल. आणि लोखंड कुठून आलं ते शोधल्याशिवाय पट्टा परत टेबलावर ठेवू नका. क्लॅम्पच्या जबड्यांना कातड्याचे तुकडे चिकटवा. रापीला (कातडं कापायच्या हत्याराला) धार लावताना उडणारी पूडही तितकीच वाईट. ती डोळ्याला दिसत नाही, पण ओल्या कातड्यावर पडली की तासाभरात ठिपके उमटतात. धार लावायची जागा वेगळी ठेवा. स्टील वूल तर कामाच्या खोलीतच नको.

झटपट_काम

एवढा खटाटोप कशाला? एनसी थिनरने (लॅकर पातळ करायच्या थिनरने) सगळा रंग एकदम उतरतो. नाहीतर कपड्यांचं ब्लीच पातळ करून लावा, अर्ध्या तासात कोरं कातडं.

रापीधार

@झटपट_काम, ब्लीच कृपा करून कोणी लावू नका. सोडियम हायपोक्लोराइट रंगाबरोबर कातड्याचं प्रथिनही खातं. वरचा थर आधी चिकट होतो आणि वाळल्यावर भुगा होऊन सुटतो. लगेच दिसत नाही, पण पट्टा वापरात वाकायला लागला की तडे जातात. खांद्यावर वजन धरणाऱ्या पट्ट्यावर तर हे धोक्याचं आहे.

एनसी थिनरला जागा आहे, पण ती इथे नाही. कातड्यावर लॅकर किंवा ॲक्रिलिक फिनिश बसलेलं असेल आणि त्यामुळे रंग आत जात नसेल, तेव्हा ते फिनिश उचलायला थिनर वापरतात. इथे फिनिशच नाही. कोऱ्या व्हेज-टॅनवर थिनर कातड्यातलं तेल ओढून घेतो, वरची बाजू कडक आणि कोरडी करतो, आणि रंग तरीही पूर्ण निघत नाही.

टाका_दोरा, आता तुमच्या थेंबाबद्दल. थेंब वेलाच्या काठाशी पडलाय म्हणता. तो वेलाच्या आतल्या, उठावाच्या भागावर आहे की बाहेरच्या खोल पार्श्वभूमीवर, यावर सगळं अवलंबून आहे.

पार्श्वभूमीवर असेल तर खरडत बसू नका. कोरीव कामात पार्श्वभूमी वेलापेक्षा गडद ठेवण्याची पद्धत आहेच. शून्य नंबरचा ब्रश घ्या, तुमचा न पातळ केलेला रंग घ्या, आणि वेलाभोवतीची पूर्ण पार्श्वभूमी थेंबाच्या छटेपर्यंत गडद करा. ब्रशचं टोक काठापासून अर्धा मिमी आत टेकवा, रंग आपोआप काठापर्यंत सरकतो. थेट काठावर टेकवलं तर तो वेलावर चढतो. ब्रश भरल्यावर आधी कागदावर एकदा ओढून घ्या. थेंब दिसेनासा होईल आणि वेल उलट जास्त उठून दिसेल.

उठावाच्या भागावर असेल तर खरडावं लागेल. कातडं पूर्ण कोरडं हवं. नवं सर्जिकल ब्लेड काटकोनात उभं धरून फक्त ओढायचं, कापायचं नाही. एकाच दिशेने, वजन न देता. ब्लेडच्या कडेला पिठासारखी तपकिरी भुकटी जमली पाहिजे. पापुद्रा निघायला लागला तर तुम्ही खोल गेलात, थांबा. वरचा घट्ट थर फुटला की खालचे मोकळे तंतू उघडे पडतात आणि तिथे पुढचा रंग दुपटीने गडद बसतो. म्हणूनच सँडपेपर नको. थेंब पूर्ण जाईपर्यंत खरडू नका, निम्मा फिका झाला तरी बास. मग ओलसर बोट फिरवून मॉडेलिंगच्या चमच्याने किंवा गुळगुळीत हाडाने ती जागा दाबून घासा, म्हणजे तंतू परत बसतात. वर एकास सहा पातळ केलेला रंग बारीक ब्रशने ठिपके ठिपके करत द्या, आसपासच्या छटेत मिसळेपर्यंत.

फ्लॅपचे चट्टे सगळे उपाय करूनही थोडे उरले तर आणखी एक वाट आहे. काठाकडून आत गडद ते फिकट अशी सावली द्या. ओलसर स्पंजला अगदी थोडा गडद रंग, फ्लॅपच्या कडेने तीन-चार सेंटीमीटरच्या पट्ट्यात, आत येताना हात हलका करत. एअरब्रश असेल तर उत्तमच. मात्र फ्लॅपला सावली दिलीत तर मागच्या आणि पुढच्या पानालाही द्यायला हवी, नाहीतर बॅग दोन वेगळ्या कातड्यांची वाटेल.

टाका_दोरा

करवीरदादा, हिरडा, रापीधार, सगळ्यांचे मनापासून आभार. प्रगती सांगतो.

चट्ट्यावर थेंब गोल उभा राहिला. घासल्यावर रबराच्या वळ्या आल्या, म्हणजे सोल्युशनच. क्रेपने निघालं, आता थेंब मुरतोय. मागच्या पानाचे पट्टे स्पिरिटने बरेच मंदावले आणि चमक गेली. ठिपके ऑक्झॅलिकच्या पहिल्याच हाताला गेले. पट्टा दीड दिवस वाळवलाय.

रंगाचा थेंब पार्श्वभूमीवरच आहे, त्यामुळे ब्रशवाला उपाय करतोय.

दोन प्रश्न उरले. पातळ रंग दिल्यावर पट्टा इतर भागांपेक्षा नारिंगी दिसतोय, गडदपणा तेवढाच आहे. तो कसा जुळवायचा? आणि सगळं कोरडं घासूनही कापडाला थोडा रंग लागतोच. ॲक्रिलिक फिनिश दिलं की थांबेल का, की आधी आणखी काही करायला हवं?

हिरडा

पट्टा नारिंगी दिसणं अपेक्षित आहे. ऑक्झॅलिकने कातड्याचा खालचा पिवळट तपकिरीपणा धुतला, त्यामुळे तोच रंग तिथे फिक्या जमिनीवर बसला. गडदपणा जुळतोय, फक्त झाक चुकतेय, तेव्हा आणखी तपकिरी देऊन उपयोग नाही. रंगचक्रातला समोरचा रंग अगदी पातळ करून वरून द्यायचा. नारिंगीला निळा, लालसरपणाला हिरवा, हिरवट झाकेला लाल. तुमच्यासाठी नेव्ही ब्लू, एक भाग रंगाला वीस भाग स्पिरिट. दिसायला निळसर पाणीच वाटेल.

त्याच पट्ट्याची कातरण शिल्लक असेल तर तिला आधी ऑक्झॅलिक, मग तपकिरी, मग हा निळा हात द्या. ऑक्झॅलिक न लावलेल्या कातरणीवरची चाचणी इथे फसवेल. वाळल्यावर त्यावर तेलाचं एक बोट फिरवा आणि मगच बाकीच्या भागांशी ताडून बघा, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली नारिंगीपणा कमी दिसतो आणि निळं कमी दिलं जातं. एका हाताने भागलं नाही तर दुसरा द्या, पण मिश्रण घट्ट करू नका. निळा जास्त झाला तर तपकिरी मळकट, राखेसारखा दिसतो आणि मग तुम्ही परत नारिंगीकडे वळता.

करवीर_चर्म

रंग लागण्याबद्दल. फिनिशने थांबेल, पण फिनिशच्या भरवशावर सैल रंग वर ठेवू नका. ॲक्रिलिकचा थर सैल रंगाला आपल्यात ओढतो, थर ढगाळ होतो, आणि काही महिन्यांनी घासला गेला की रंग पुन्हा सुटायला लागतो.

सुती कापडाने कोरडं घासणं चालू ठेवा, दर वेळी नवीन घडी. कापडावर पुसटसा पिवळेपणा उरेल तिथे थांबा. पूर्ण पांढरं राहणार नाही, तशी अपेक्षाही नको. मग ओलसर (ओलं नव्हे) पांढरं कापड दहा वेळा पुढेमागे घासा. पुसट डाग आला तर फिनिशला हरकत नाही. गडद आला तर आयसोप्रोपिलचा एक हलका हात, एक दिवस विश्रांती, परत घासणं.

तेलानंतर चोवीस तासांनी फिनिश. ॲक्रिलिक आणि पाणी समान भाग. दाट स्पंज पाण्यात भिजवून पिळून घ्या, मग मिश्रणात टेकवा. एका दिशेने एकच ओढ, लगेच पुढची ओढ तिच्या कडेला चिकटून. गेलेल्या जागेवर परत फिरायचं नाही. पहिल्या हाताला पाणी खालचा रंग सैल करत असतं, त्यात घासलं की रंग फिनिशमध्ये मिसळून पट्टे उठतात. फेस आला तर स्पंज जास्त भरलाय. पहिला हात तासभर वाळला की दुसरा आडवा. दोन पुरे. तिसऱ्या-चौथ्या हाताने प्लास्टिकसारखी चकाकी येते आणि दुमडीवर तडे जातात.

लोक हमखास विसरतात ती पट्ट्याची आतली बाजू. पांढऱ्या सदऱ्याचा खांदा रंगवते ती वरची बाजू नव्हे, ही मांसाकडची. तिचे तंतू मोकळे असतात, रंग भरपूर पितात आणि घामाने सोडतात. शक्य तर तिला रंगच देऊ नका. दिलाच असेल तर १०० मिलि कोमट पाण्यात २ ग्रॅम सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, पाण्यात फुगून खळीसारखी होणारी) पूड हळूहळू शिंपडत ढवळा आणि रात्रभर फुगू द्या. एकदम टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. ते आतल्या बाजूला चोपडून काचेच्या सपाट कडेने दाबून घासा, तंतू बसले की वर ॲक्रिलिकचा एक हात. कडांनाही हेच द्रावण, लाकडी स्लिकरने (कडा घासून गुळगुळीत करायच्या हत्याराने). शिवताना दोरा फिका असेल तर ही सगळी कामं शिवणीआधी संपवा, दोरा सुटा रंग लगेच ओढतो.

नवी_वादी

याच धाग्यात विचारते. कोल्हापुरी घाटाच्या चपला घरी करते. स्पिरिटचा गडद तपकिरी रंग, वर ॲक्रिलिकचे दोन हात. तरी पाऊलभर चाललं की टाच आणि अंगठ्याखाली पाय रंगतो. पट्टा, कान, वेणी यांचा रंग सुटत नाही, फक्त पाय टेकतो तिथलाच सुटतो. फिनिश वाढवू का?

करवीर_चर्म

ताई, फिनिश वाढवू नका. पायाखाली घाम, उष्णता आणि घासणं तिन्ही एकाच वेळी असतात. ॲक्रिलिक तिथे आधी निसरडं होतं आणि मग टाचेखाली पापुद्रे सुटतात. पाय टेकतो त्या वरच्या तळाला रंग न देता नुसतं तेल द्यावं. व्हेज-टॅन घामाने, उन्हाने आणि तेलाने आपोआप तपकिरी होत जातं आणि तो रंग पायाला लागत नाही. खोबरेल नको, थंडीत २४ अंशांखाली ते गोठतं आणि वर पांढरा थर दिसतो. जवसाचं तर अजिबात नको, ते वाळून कडक होतं.

आत्ता तयार असलेल्या जोडाचं फिनिश आधी उचलावं लागेल. इथे मात्र रापीधार यांनी सांगितलेल्या थिनरला जागा आहे. कापड थिनरने ओलसर करा, फक्त पाय टेकतो तेवढ्या भागावर टिपत पुसा, फिनिश चिकट होऊन कापडावर येईल. कापड सारखं बदला, नाहीतर तेच फिनिश परत पसरतं. मोकळ्या हवेत करा. तळ सोल्युशनने चिकटवलेला असेल तर थिनर कडेपर्यंत जाऊ देऊ नका, जोड सुटेल. मग आयसोप्रोपिलने वरचा रंग जमेल तितका उचला, एक दिवस वाळवा, वर अगदी हलका तेलाचा हात द्या. त्यावर मेणाचं पॉलिश पातळ चोळून चमक येईपर्यंत घासा. पहिले काही दिवस थोडा रंग लागेलच. तोपर्यंत रोज वापरानंतर ओलसर कापडाने तळ पुसून सावलीत वाळवा आणि आठवड्याने मेणाचा एक हात परत द्या.

रापीधार

नव्या जोडासाठी वरचा तळ आणि बाजूचे कान वेगवेगळे रंगवा, जोडण्याआधीच. कानांचा रंग पूर्ण घासून आणि फिनिश वाळवून मगच तळाशी शिवा. जोडल्यावर रंग दिलात तर तो टाक्याच्या भोकातून खाली उतरतो, कोऱ्या तळावर प्रत्येक टाक्याभोवती गोल कडं उठतं, आणि ते कडं खरडूनही निघत नाही.